फोटोतली दुसरी बाई

"आई जरा तापट आहे, मनावर घेऊ नका," असं श्रीराम रिसबूड घरी येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगायचा. पाहुणा अजून बूट काढत असायचा, तेवढ्यात हे सांगून व्हायचं. मला ते वाक्य कधीच आवडलं नाही. तापट माणूस कशावरही तापतो. दूध उतू गेलं तरी तापतो, पेपर उशिरा आला तरी तापतो. रिसबूडबाईंचं तसं नव्हतं. त्यांना राग यायचा तो खोट्या गोष्टीचा. आता जगात खोट्या गोष्टीच इतक्या पडल्या आहेत, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार?

मी तेव्हा ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करत होतो. श्रीराम जवळच्या मोटारींच्या कारखान्यात मोठा इंजिनिअर होता, आणि मराठी मंडळाच्या ओळखीतून मला त्यांच्याकडे रविवारचं जेवण लागलं होतं. वडील गेल्यावर त्याने आईला सांगलीहून इकडे आणलं. बाई सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने काडी, पण आवाज असा की चौथ्या मजल्यावरून हाक मारली तर खाली सायकल लावणारा जर्मन माणूससुद्धा वर बघायचा. नेसायला सुती साडी, पायात नातीचे जुने खेळायचे बूट आणि वरून श्रीरामचा ढगळ पार्का. या अवतारात त्या रोज ओकर नदीच्या काठाने फिरायला जायच्या आणि परत येऊन म्हणायच्या, "नदी म्हणे! आमच्याकडे याला पाट म्हणतात." लिफ्टमध्ये कधी बसल्या नाहीत. जिना चढताना पाठीवर ओझं असल्यासारख्या पुढे वाकून, एका लयीत चढायच्या. मी धापा टाकत मागून.

"काय डॉक्टर," वर पोचल्यावर त्या म्हणायच्या, "औषध तर देता येत नाही, निदान जिना तरी चढा."

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: "कोणी सांगितलं?" तुम्ही म्हणालात, जर्मन माणसं थंड असतात, कोणी सांगितलं? तुम्ही म्हणालात, मेथीचे दाणे गुडघ्याला चांगले, कोणी सांगितलं? एकदा मंडळाच्या अध्यक्षांनी ईशान्येकडचे लोक "तसे फार भोळे" असल्याचं भाषणात म्हटलं. पहिल्या रांगेतून बाईंचा आवाज आला, "कोणी सांगितलं?" अध्यक्षांचं पुढचं भाषण तिथेच संपलं. लोकांना ते आगाऊपणाचं वाटलं. मला वाटतं, असा प्रश्न विचारणारं एक माणूस प्रत्येक मंडळात पगारी ठेवायला हवं.

ईशान्येचा विषय निघाला की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची, याचं कारण फार थोड्या लोकांना माहीत होतं. आज ज्याला आपण अरुणाचल म्हणतो, ते पन्नासच्या दशकात राज्य नव्हतं. नुसता सरहद्दीचा मुलूख होता, 'नेफा' नावाचा. तिथे नवी ठाणी उभी राहत होती, नव्या शाळा निघत होत्या, आणि जायला माणसं मिळत नव्हती. चोवीस वर्षांच्या कुमुदने, म्हणजे बाईंनी, पेपरातली जाहिरात वाचून अर्ज केला.

"घरच्यांनी अडवलं नाही?" मी विचारलं होतं.

"अडवायला ते ठिकाण कुठे आहे हे माहीत असावं लागतं ना! वडिलांना वाटलं, दार्जिलिंगच्या अलीकडे असेल."

बासष्टचं युद्ध सुरू झालं आणि बायकांना खाली आसामात पाठवलं, तोवर त्या सियांग नदीकाठच्या, आदी नावाच्या जमातीच्या एका गावात शिकवत होत्या. नंतर लग्न, सांगली, मुलं, तीस वर्षं हायस्कुलात भूगोल. बहात्तरमध्ये त्या मुलखाला अरुणाचल नाव मिळालं, सत्त्याऐंशीत त्याचं राज्य झालं, हे त्यांनी सांगलीतच रेडिओवर ऐकलं. "बातमी चांगली होती," त्या म्हणाल्या, "पण त्यात सगळी नावं दिल्लीची."

नात सई सहावीत होती. मराठी तिला समजायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. एका रविवारी तिचा शाळेचा नकाशांचा जाडजूड ॲटलास जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. बाईंनी चष्मा लावला, भारताचा वरचा उजवा कोपरा बघितला आणि वरण वाढायचा डाव हातातच राहिला.

"सई, इथे या रेघा का मारल्यात?"

"उमश्ट्रिटन, आजी."

"म्हणजे?"

"वादग्रस्त," मी म्हटलं.

"कोण घालतंय वाद?"

समोर जेवायला बसलेले मंडळाचे एक गृहस्थ लगेच सरसावले. "चीन हो, दुसरं कोण! पण आपलंच आहे ते. एक इंचसुद्धा देणार नाही आपण."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तिथल्या तीन नद्यांची नावं सांगा."

गृहस्थ हसले.

"बरं, एक सांगा."

गृहस्थांनी भात कालवायला घेतला.

"त्यांना रेघा मारायच्यात आणि तुम्हाला इंच मोजायचेत," बाई म्हणाल्या. "तिथे माणसं राहतात, ते या ॲटलासातही नाही आणि तुमच्या डोक्यातही नाही." वर्षा, त्यांची सून, "अहो आई, वरण," म्हणाली, तेव्हा कुठे डाव हलला. पण त्या गृहस्थांना त्या दिवशी वरण जरा कमीच मिळालं असं माझं निरीक्षण आहे.

त्या गावातल्या शाळेची गोष्ट त्यांनी मला कणिक मळता मळता सांगितली. गोष्ट म्हणण्यापेक्षा कैफियत म्हणायला हवी, कारण सांगताना कणकेला बुक्क्या बसत होत्या.

शाळा बांधायला एक दिवस लागला. तिकडची रीतच तशी. कुणाचंही घर असो, सगळं गाव उतरतं, बांबू, वेत आणि ताडासारखी रुंद पानं, आणि संध्याकाळपर्यंत घर उभं. दुसऱ्या दिवशी पोरं आली. बाईंनी फळ्यावर पहिलं अक्षर काढलं, पोरांनी गिरवलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, हे काय? कुणालाच येईना. परत शिकवलं. चौथ्या दिवशी परत कुणाला येईना. बाईंना वाटलं, आपलं शिकवणंच वाईट आहे. झोप उडाली. पहिलंच अक्षर त्यांनी किती दिवस शिकवलं याला गणती नाही.

"मला सगळे चेहरे सारखे वाटत होते ना रे," त्या म्हणाल्या. "नवीन माणसाला वाटतातच. आणि म्हणूनच कळलं नाही, की रोज येणारी पोरं वेगळी होती!"

गावाने सरळ हिशेब लावला होता. सरकारने तोवर गावाकडे एकच गोष्ट मागितली होती: ओझी वाहायला माणसं. साहेब आला की प्रत्येक घराने पाळीपाळीने एक माणूस द्यायचा. आता सरकार पोरं मागतंय. ठीक आहे, आज या घरचं पोर, उद्या त्या घरचं. कुणावर अन्याय नको. शाळा ही सरकारची वेठ, ती सगळ्यांनी वाटून उचलायची. एवढं प्रामाणिकपणे वाटून घेतलेलं काम मी माझ्या इन्स्टिट्यूटमध्येसुद्धा पाहिलं नाही.

ही चूक बाईंच्या लक्षात आली नाही, त्यांच्या साहेबाच्या आली नाही. ती आली यातेरच्या.

यातेर ही गावातली एक विधवा. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. शाळेच्या आधी बाई तिच्याच घरी राहत होत्या; वेताच्या झुलत्या पुलावरून खाली न बघता कसं चालायचं, हे तिनेच त्यांना शिकवलं. एका संध्याकाळी बाई तिच्या चुलीपाशी बसून रडत होत्या, आपल्याला शिकवता येत नाही म्हणून. यातेरने कारण विचारलं, आणि ऐकून इतकी हसली की चुलीवरचं भांडं लवंडलं. मग तिने पोरं कशी येतात ते सांगितलं.

पण सांगून थांबली नाही. गावाची सभा भरते तिला तिथे केबांग म्हणतात. प्रत्येकाने बोलायचं, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत उठायचं नाही. बायका बहुतेक कडेला. यातेर कडेवरून मध्ये आली. ती म्हणाली, ओझं कुणीही वाहिलं तरी मुक्कामाला पोचतं, पण शिकणं तसं नाही, ते एकाच डोक्यात रोज थोडं घालावं लागतं. लोक म्हणाले, पटतंय, पण एकच पोर रोज शाळेत गेलं तर त्याच्या घरच्या शेतात काम कोण करणार? पाखरं कोण हाकणार, धाकट्याला कोण सांभाळणार? केबांग दिवसचे दिवस चालली. शेवटी यातेरने तोड काढली. ज्या घरचं पोर रोज शाळेत बसेल, त्या घराच्या शेतात तिच्या ओळखीच्या बायका पाळीने राबतील. स्वतःचं शेत सांभाळून. आणि पहिली पाळी तिची.

"कळलं?" बाई म्हणाल्या. "पाळी तीच ठेवली तिनं. फक्त पोरांवरची काढून बायकांवर घेतली. म्हणून शाळा चालली. मी फळ्यापुढे उभी होते, एवढंच."

पुढे एक साहेब शाळा बघायला आला. सरकारतर्फे गावच्या मुखियाला लाल कोट द्यायची पद्धत होती. साहेबाने विचारलं, शाळेचं काम कुणी केलं? दुभाष्या काहीतरी बोलला. साहेबाने समोर नजर टाकली, त्यात जो सर्वांत उंच पुरुष दिसला त्याच्या अंगावर कोट चढवला आणि टाळ्या वाजवल्या. तो यातेरचा दीर होता. केबांगमध्ये शाळेच्या विरोधात सगळ्यांत जास्त तोच बोलला होता.

"आणि यातेर?" मी विचारलं.

"ती शेतात होती ना! पाळी होती तिची." कणकेचा गोळा परातीत धप्पदिशी आपटला. "आज त्या शाळेच्या दारावर त्या साहेबाचं नाव आहे. यातेर गेली. जगात कुठल्याही कागदावर, कुठल्याही दगडावर तिचं नाव नाही. मी मेले की संपलं."

हे असं सगळं असताना श्रीरामने तो उद्योग केला. हेतू चांगला होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. पण चांगल्या हेतूने जेवढं नुकसान होतं तेवढं वाईटाने होत नाही. शहरात एक फेराइन होतं, म्हणजे आपल्याकडे मंडळं असतात तसं. हौशी, सुखवस्तू जर्मन लोकांचं. दूरदेशीच्या शाळांना मदत करणारं. श्रीरामच्या खात्याचे प्रमुख त्यात होते. त्या फेराइनने लायब्ररीच्या खालच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. श्रीरामने आईच्या ट्रंकेतला एक फोटो स्कॅन करून देऊन टाकला. आईला सरप्राइज म्हणून!

फोटो मी पाहिला होता. बांबूची शाळा, पुढे मांडी घालून बसलेली पोरं, मध्ये काठाची साडी नेसलेल्या तरुण रिसबूडबाई, तेव्हाच्या कुमुद साने. आणि डाव्या कडेला, जणू चुकून फोटोत आलेली, कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर टोपली पेललेली एक बाई. यातेर. तिचा अख्ख्या जगात असलेला एकमेव फोटो.

फोटो आणि खाली मजकूर अशी मोठी पाटी होती; ती छापून झाल्यावर तिची प्रत घरी आली. श्रीरामने ती कौतुकाने आईपुढे धरली. मला भाषांतर करायला बसवलं. 'जंगलात पहिला दिवा' असा मथळा. खाली, तरुण भारतीय शिक्षिकेने एकटीने, अक्षराचा गंध नसलेल्या जमातीत पहिली शाळा स्थापन केली. आणि फोटोखाली बारीक अक्षरात: शिक्षिका कुमुद रिसबूड, विद्यार्थी, आणि एक ट्रेगरिन.

"ट्रेगरिन म्हणजे?"

मी श्रीरामकडे बघितलं. तो कौतुकाने हसतच होता.

"हमालीण," मी म्हटलं.

बाईंनी प्रत माझ्या हातातून घेतली आणि फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. ते बघून श्रीरामचं हसणं हळूहळू गेलं.

"तिच्या टोपलीत दुसऱ्याच्या शेतातला मका आहे," त्या म्हणाल्या. "हा पोरगा दिसतोय ना, पुढचा, दात पडलेला, त्याच्या घरचा. तो माझ्यासमोर बसला म्हणून ती तिकडे राबली. शाळा तिनं पाठीवर घेतलीय, आणि तुम्ही तिला हमाल म्हणता? आणि मला आयत्या बिळावरचा नागोबा करून वर बसवता?"

"आई, ते लोक तुझा सत्कार करतायत."

"पाटी बदलायला सांग."

"छापून झालंय गं. एका ओळीसाठी?"

"एका ओळीसाठीच रे. तिच्या नावाची दुसरी ओळ दाखव मला कुठे आहे ती."

श्रीरामला प्रमुखांपुढे हा विषय काढायचा नव्हता. ते मी समजू शकतो. समजू शकतो म्हणजे माफ करतो असं नाही. शेवटी बाईंनी मला बरोबर घेतलं आणि फेराइनचे अध्यक्ष क्र्युगर यांची तेर्मीन घ्यायला लावली. अपॉइंटमेंटशिवाय त्या देशात कुणी रागावूही शकत नाही.

क्र्युगर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. उंच, पांढरे केस, कॉफी स्वतः ओतून दिली, बाईंची खुर्ची स्वतः ओढली. सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. "फार सुंदर गोष्ट आहे," म्हणाला. "पण तुमच्याकडे बेलेग आहे का? पुरावा?"

"मी होते तिथे," बाई म्हणाल्या.

"हो, हो. पण लेखी काही?"

"तुम्ही मला संस्थापक म्हणून छापलंत, त्याचा लेखी पुरावा कुणाकडून घेतलात?"

मी हे शब्दशः सांगितलं, आणि सांगताना मला जो आनंद झाला तो माझ्या प्रबंधानेसुद्धा पुढे दिला नाही. क्र्युगर हसला. ते तुमच्या चिरंजीवांनी सांगितलं, म्हणाला. म्हणजे चिरंजीव, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, ते पुरावा. आणि बाई, ज्या फोटोत बसल्यात, त्या ऐकीव! पुढे त्याने समजावलं की बघणाऱ्याला एकच माणूस लागतो, एकच चेहरा. दोघी आल्या की गोष्ट पातळ होते. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला, या वयात आठवणी थोड्या इकडच्या तिकडे होतात, माझ्या आईचंही तसंच होतं.

एवढं मी भाषांतर केलं नाही. पण बसथांब्यांवर आणि सुपरमार्केटात जमवलेल्या बाईंच्या जर्मनमध्ये 'वय' आणि 'आई' हे शब्द होते.

त्या उठल्या. कॉफीला त्यांनी हात लावला नव्हता. "याला सांग," मला म्हणाल्या, "माझ्या आठवणी जागच्या जागी आहेत. इकडच्या तिकडे याची पाटी झालीय."

मी ते सांगितलं. क्र्युगरने आम्हाला दारापर्यंत पोचवलं. हा सभ्यपणा मला अजून सहन होत नाही. गुरगुरणारा साहेब परवडला. त्या तिकडच्या साहेबाने उंच माणूस बघून कोट दिला, त्याला निदान माहीत नव्हतं. याला बसवून, समजावून, नावानिशी सांगितलं होतं. तरी याने छपाईचा कागद वाचवला आणि बाई घालवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाईंचा मला फोन आला. "आता दुसरीकडे बघा, याला जर्मनमध्ये काय म्हणायचं?"

"दुसरीकडे, म्हणजे दुसऱ्या दिशेला?"

"नाही. दुसऱ्या बाईकडे."

मी वाक्य सांगितलं. त्यांनी ते फोनवर घोकून पाठ केलं. मला वाटलं, भाषणासाठी असेल.

हॉल भरला होता. मराठी मंडळ नटूनथटून आलं होतं, श्रीरामचे प्रमुख सपत्नीक, क्र्युगरची सुरेख टाय. भाषणं झाली. 'दिवा' आणि 'अंधार' हे शब्द एवढ्या वेळा आले की मला दिवा विझवावासा वाटला. मंडळाच्या अध्यक्षांनीही इंग्रजीतून दोन शब्द सांगितले. मराठी माणूस जंगलातसुद्धा विद्येची मशाल घेऊन जातो, वगैरे. टाळ्या. मग बाईंना मानाने पाटीपाशी नेलं.

बाईंनी पार्काच्या खिशातून एक पांढरा चिकट कागद काढला. मसाल्याच्या बरण्यांवर लावतात तसलाच. मागचं आवरण शांतपणे सोलून त्यांनी तो फोटोवर चिकटवला. बरोबर स्वतःच्या चेहऱ्यावर. आणि तळहाताने दाबून बसवला.

मग वळल्या आणि चौथ्या मजल्यावरून हाक मारायच्या त्या आवाजात, पाठ केलेलं वाक्य म्हणाल्या: "येट्स्ट शाउअन झी आउफ दी आंडरं." आता दुसरीकडे बघा.

क्र्युगरच्या तोंडून "पण फ्राउ रिसबूड..." एवढंच निघालं. श्रीराम कपाळापर्यंत लाल झाला होता. मंडळातलं कुणीतरी मागे कुजबुजलं, "वय झालं की असं होतं." पण मी लोकांच्या नजरा बघत होतो. मधला चेहरा झाकल्यावर डोळ्यांना दुसरं जायला जागाच नव्हती. सगळा हॉल त्या डाव्या कडेच्या, टोपलीच्या पट्ट्याखाली किंचित वाकलेल्या, सरळ कॅमेऱ्यात बघणाऱ्या बाईकडे बघत होता. अर्धा मिनिट असेल. तेवढा वेळ ती तिथली मुख्य पाहुणी होती.

दुसऱ्या दिवशी पाटी काढून टाकली.

फेराइनचं म्हणणं, कागद सोलताना फोटो फाटला असता, आणि खराब झालेली पाटी ठेवणं प्रदर्शनाला शोभलं नसतं. श्रीरामने घरी आल्यावर आईशी बोलणं टाकलं. फेराइनला मात्र माफीचा फोन केला. बाकी सगळ्या पाट्या जागेवर. फक्त एका जागी भिंत, आणि तिला स्क्रूची चार भोकं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? नाव चुकवणारे घरी, आणि नाव मागणारी आणि जिचं मागितलं ती, दोघीही भिंतीवरून खाली.

ते बघायला मीच बाईंना घेऊन गेलो होतो. परत येताना ट्राममध्ये त्या खिडकीशी बसल्या. मी फेराइनला पोटभर शिव्या देत होतो, शुद्ध मराठीत, कुणाला कळायची भीती नाही म्हणून. त्यांनी मला थांबवलं.

"मी कागद लावायला नको होता," त्या म्हणाल्या. "हमालीण तर हमालीण. भिंतीवर तरी होती रे ती. मी उतरवलं तिला."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. समोरची मुलगी आधी बघत राहिली, मग तिने नजर वळवली. इतके दिवस या बाईंचा राग बघितला होता. तो किती एकटा होता हे मला त्या ट्राममध्ये कळलं, आणि सगळ्यांचीच चीड आली. क्र्युगरची आली, श्रीरामची आली, मशालवाल्या अध्यक्षांची आली, आणि त्या लाल कोटवाल्या साहेबाची तर फारच आली, तो कधीचा मेला असला तरी.

महिनाअखेरीस मी ब्राउनश्वाइग सोडलं. उंटरश्लाइसहाइमला नोकरी लागली होती. निरोप घ्यायला गेलो तर दार वर्षाने उघडलं. "आई घरी नाहीत," ती म्हणाली. "रोज जातात. लायब्ररीत. ह्यांना आवडत नाही, पण मी डबा देते."

मी लायब्ररीत गेलो. प्रदर्शनाचे शेवटचे दिवस, हॉलमध्ये तुरळक माणसं. बाई त्या मोकळ्या भिंतीपुढे उभ्या होत्या, पार्का, साडी, नातीचे बूट. शेजारच्या पाटीवरून एक वयस्कर जर्मन बाई पुढे सरकली, तिने रिकामी जागा पाहिली आणि विचारलं, इथे काय होतं?

बाईंनी आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. क्रियापदं कुठेही पडत होती. इथे फोटो. फोटोत बाई. पाठीवर टोपली. हमाल नाही, ती हमाल नाही. पोरं शाळेत, म्हणून ती शेतात. दुसऱ्याच्या शेतात. शाळा तिची. भोकांच्या मधल्या भिंतीवर हात फिरवून त्या दाखवत होत्या: इथे ती, इथे पोरं, इथे छप्पर. स्वतःची जागा त्यांनी दाखवली नाही. ती जर्मन बाई भिंतीकडे खरोखर काही असल्यासारखी बघत होती.

"नाव काय तिचं?" तिने विचारलं.

"यातेर."

जर्मन बाईने मान हलवली, आभार मानले आणि पुढे निघाली. बाईंनी तिच्या वाटेत हात आडवा धरला.

"नाइन, नाही. तुम्ही म्हणा."

ती गोंधळली. मग हळू आवाजात म्हणाली, "यातेर."

"मोठ्यानं."

काउंटरवरच्या माणसाने मान वर केली. त्या म्हातारीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि भर लायब्ररीत खणखणीत आवाजात म्हणाली, "यातेर!"

बाईंनी हात खाली घेतला आणि तिला जाऊ दिलं. मी दाराशीच उभा होतो. त्यांनी मला पाहिलं आहे असं मला वाटलं नव्हतं. मी स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत, ते नाव उच्चारून पाहिलं.

"ऐकू आलं नाही, डॉक्टर," भिंतीकडेच तोंड ठेवून बाई म्हणाल्या.

मी मोठ्याने म्हटलं.